अवरेकायच्या दिवसांतली जप्ती

थंडी पडली, पहाटे दव पडायला लागलं की बेंगळूरात अवरेकाय येते. निपाणीकडे, माझ्या माहेरी, आम्ही याला पावटा म्हणायचो आणि त्याचं कुणी फार कौतुक करत नसे. इथे मात्र चामराजपेटेत कोपऱ्याकोपऱ्यावर पोती अंथरून शेंगांचे ढीग पडतात, आणि सकाळच्या उपम्यापासून संध्याकाळच्या सारापर्यंत दुसरं काही शिजत नाही. दवानं शेंगेला तेल सुटतं म्हणतात. असेल. सोलून झाल्यावर बोटांना जो वास लागतो तो साबणानं जात नाही, एवढं मला माहीत आहे. काहींना तो आवडतो. मला तो आला की आमच्या दुकानातला बाक आठवतो.

यंदा शेंगा सोलायला माझ्याबरोबर नात बसली. ती सर्जापूर रोडला राहते, तिसऱ्या की तेराव्या मजल्यावर, मला लिफ्टमधलं कळत नाही. एरवी तिला इकडे यायला वेळ नसतो. या वेळी आली, राहिली, आणि फोन पालथा ठेवून मुकाट शेंगा सोलत बसली. फोन सारखा थरथरत होता.

"उचल की," मी म्हटलं.

"बँकेचा आहे, आज्जी."

"मग?"

"मग काय सांगू? पैसे नाहीत म्हणून?"

"तेच सांग."

बँकेला तिनं सांगितलं नाही, पण मला सगळं सांगितलं. कार्डं तीन. एकाचे पैसे भरायला दुसरं, दुसऱ्याचे भरायला तिसरं. मधे नोकरी सुटली. दर महिन्याला बँक म्हणते तेवढी कमीत कमी रक्कम भरत गेली आणि मूळ रक्कम आहे तिथंच राहिली, वर व्याज चढत गेलं. आता वकिलाची नोटीस आली होती. पहिली तिनं फोडलीच नाही. दुसरी आली तेव्हा खालच्या वॉचमनला सांगून परत पाठवली.

"आपण घेतलीच नाही तर ती लागू होत नाही ना?" तिनं विचारलं.

मला हसू आलं. ती चिडली.

"हसतेस काय?"

"हे मी ऐकलेलं आहे," मी म्हटलं. "तुझ्या पणजीच्या तोंडून."

साठ सालच्या आसपासची गोष्ट. माझं लग्न नुकतंच झालं होतं. चौथी झाल्यावर शाळा सुटली होती, कन्नड धड येत नव्हतं, आणि लग्न करून आले ती शिंप्याच्या घरात. चामराजपेटेत रस्त्याला लागून पुढची खोली म्हणजे दुकान. दोन मशीनं, एक कापायचं टेबल, दाराशी लाकडी बाक आणि भिंतभर फळ्या. फळ्यांवर गिऱ्हाइकांचं कापड. नव्या कापडाला खळीचा वास असतो, रेशमाला वेगळा, गरम इस्त्रीखाली ओल्या कोटाला आणखी वेगळा. मी त्या खोलीत डोळे मिटून उभी राहिले असते तरी कुठल्या फळीवर काय आहे सांगितलं असतं.

आमच्याकडे गिऱ्हाइकाला पावती द्यायची पद्धत नव्हती. सासरे होते तेव्हापासून नव्हती. कापड घ्यायचं, माप डोक्यात ठेवायचं, कापड फळीवर ठेवायचं. सासूबाई मोठ्या तोऱ्यात सांगायच्या, "आमच्याकडं कागद लागत नाही. लोक घरात टाकून जातात." आणि लोक खरंच टाकून जायचे. लग्नाचं रेशीम आठ-आठ दिवस फळीवर पडलेलं असायचं आणि कुणी डोकावायलासुद्धा येत नसे.

माझा नवरा, गणपत, कात्री चालवण्यात हुशार होता. हिशोबात नव्हता. एका शाळेच्या गणवेशाचं काम मिळणार असं त्याला कुणीतरी सांगितलं. मिळणार, मिळालेलं नाही. एवढ्यावर त्यानं खाकी कापडाचे तागे घेऊन ठेवले. त्यासाठी पैसे उचलले पद्मक्काच्या चीटीतून.

चीटी म्हणजे काय ते सांगते. दहा-बारा जण दर महिन्याला ठरावीक पैसे एकीकडे जमा करतात. ज्याला गरज आहे तो त्या महिन्याची सगळी रक्कम उचलतो, पण त्यासाठी बोली लागते. जो सगळ्यात कमी घ्यायला तयार होईल त्याला पैसे मिळतात आणि राहिलेले बाकीच्यांत वाटले जातात. म्हणजे घाई ज्याला जास्त, त्याचं नुकसान जास्त. आणि उचलल्यावरही शेवटच्या महिन्यापर्यंत हप्ता भरत राहावं लागतं. पद्मक्का ही मागच्या रस्त्यावरची विधवा बाई. चीटी चालवूनच तिचं घर चालायचं. माझ्या नवऱ्यानं पहिल्याच महिन्यात जोरात बोली लावून पैसे उचलले आणि रेव्हेन्यू तिकिटावर सही करून प्रॉमिसरी नोट लिहून दिली.

गणवेशाचं काम दुसऱ्याला गेलं. खाकीचे तागे आमच्या फळीवर राहिले. मग पद्मक्काचा हप्ता भरायला नवरा पेटेतल्या दुसऱ्या चीटीत शिरला आणि तीही उचलली. मी नातीला हे सांगितलं तेव्हा तिनं शेंग न सोलताच दाण्यांत टाकली. तिला वाटत होतं हा प्रकार कार्डांबरोबर आला.

दोन्हीकडचे हप्ते थांबले. पद्मक्का दारात आली, गोड बोलली, मग कडू बोलली. तेव्हापासून नवरा बाजाराला जाताना मागचा रस्ता सोडून लांबून वळसा घालून जायला लागला. तिनं दावा लावला. कोर्टाचा माणूस समन्स घेऊन आला तेव्हा सासूबाई दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गणपत गावाला गेलाय." गणपत आत काज करत बसला होता. सुई पडली तर ऐकू येईल इतका शांत. माणूस गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "कागद हातात घेतला तर केस चिकटते. घेतलाच नाही तर काय करतील?" दुसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं कागद दाराला डकवला. सासूबाईंनी तो ओल्या फडक्यानं पुसून काढला आणि वर दारात रांगोळी घातली. श्रावण होता, तशीही मोठी रांगोळी घालायचीच होती.

आपण नाही गेलो तर कोर्ट थांबत नाही. समोरचा बोलतो, कोर्ट ऐकतं, आणि एकतर्फी हुकूम होतो. हे आम्हाला कळलं तेव्हा अवरेकाय सुरू झाली होती, आणि जप्ती येणार अशी बातमीही बरोबरच आली. पेटेत बातमी पायी फिरते पण लवकर पोचते.

मग नवऱ्यानं आणि सासूबाईंनी डोकं चालवलं. जप्तीत मशीनं जातील, मशीनं गेली की आपण मेलो. दोन्ही मशीनं उचलून शेजारच्यांच्या परसात, सरपणाच्या मागे, गोणपाट टाकून लपवली. मीही एका बाजूनं धरलं होतं. बिडाचा पाय केवढा जड असतो ते तेव्हा कळलं. कापायचं टेबलही नेलं. इस्त्री, टेप, कात्र्या, सगळं नेलं. खोली झाडून घेतली. सासूबाई समाधानानं म्हणाल्या, "आता येऊ दे कोण येतोय."

सकाळीच कोर्टाचा अमीन आला. जाडसर माणूस, डोक्यावर टोपी, कुणाच्या सुखदुःखात नसलेला. त्यानं रिकाम्या जमिनीकडे बघितलं. जिथं मशीनं होती तिथं फरशीवर चौकोनी डाग होते.

"मशीनं कुठं आहेत, अम्मा?"

"विकली," सासूबाई म्हणाल्या.

"का विकली? कारागिराच्या हत्यारांना मी हात लावू शकत नाही. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, तुमच्या गळ्यातलं मंगळसूत्र, यातलं काही मी नेत नाही. कायदाच आहे तसा." मग त्यानं मान वर केली. "हे कापड कुणाचं?"

"गिऱ्हाइकांचं."

"कशाचं गिऱ्हाईक? इथं मशीन नाही, कात्री नाही. मला तर हे कापडाचं दुकान दिसतंय."

आणि दिसत तसंच होतं. खाकीचे तागे, त्याशेजारी रेशीम, मांजरपाट, कोटाचं कापड. एवढं सगळं रचून ठेवलेलं आणि शिवायचं एक साधन नाही.

"शेजारी आहेत मशीनं! लपवलीत!" नवरा एकदम ओरडला.

"असतील," अमीन म्हणाला. "आत्ता अम्मा म्हणाल्या विकली. गिऱ्हाइकांच्या पावत्या दाखवा."

पावत्या नव्हत्याच.

"सरी, ठीक आहे. मग ज्याचं कापड आहे त्यानं कोर्टात येऊन सांगावं," असं म्हणून त्यानं गाठोडी बांधायला सुरुवात केली. आपली मशीनं आम्ही वाचवली होती. आमच्या खाकीबरोबर दुसऱ्याचं होतं ते गेलं. जटक्यात, म्हणजे घोडागाडीत, घालून नेलं. सगळ्या रस्त्यानं पाहिलं.

दुपारी सुंदरम्मा आली. संक्रांत झाल्यावर तिच्या मुलीचं लग्न होतं. मुलीच्या पोलक्यांचं जांभळं रेशीम आणि होणाऱ्या जावयाच्या कोटाचं कापड आमच्याकडे होतं. ती ओरडली नाही. बाकावर बसली, रिकाम्या फळ्या बघितल्या आणि मला म्हणाली, "मी लग्न मुलीचं काढलंय, तुझ्या नवऱ्याच्या कर्जाचं नाही. माझं कापड मला पाहिजे."

नवरा आतून बाहेर आला नाही. शेवटी मीच तिच्याबरोबर पद्मक्काकडे गेले. आमच्या कन्नडची बोंब होती, पण गप्प राहण्यापेक्षा बरं.

पद्मक्का ओसरीवर अवरेकाय सोलत बसली होती. समोर दोन ढीग, एक दाण्यांचा, एक टरफलांचा. तिनं आम्हाला बघितलं आणि परात पुढं सरकवली. इथल्या बायकांची ती रीत आहे. शेंगा सोलणाऱ्या बाईजवळ बसलं की हात चालवायचा, मग भांडायला आलेली असो की मागणीला. आम्ही दोघी सोलायला लागलो.

"मी कापड मागितलं होतं का?" पद्मक्का म्हणाली. "मी माझे पैसे मागितले. माझे तरी कुठं, चीटीतल्या लोकांचे. तुझ्या नवऱ्यानं हप्ते थांबवले तेव्हा बाकीच्यांना मी पदरचे दिले. माझ्या कानातलं गेलं बघ." तिनं कान दाखवला. रिकामा होता.

"अक्का, माझ्या मुलीचं लग्न..." सुंदरम्मा म्हणाली.

"मला माहीत आहे. स्वल्प थांब." मग माझ्याकडे वळली. "कागद दोनदा आला ना? का नाही आला गणपत? येऊन म्हणाला असता, अक्का, महिन्याला एवढेच जमतात, तर मी नाही म्हटलं असतं का? कोर्टानंही हप्ते बांधून दिले असते. मागच्या रस्त्यानं जायला लाज वाटते म्हणून केवढा वळसा घेतो, मी गच्चीवरून बघते त्याला."

कापड सोडायचं तर दावेवालीनंच वकिलाला सांगायला हवं होतं. नाहीतर सुंदरम्मानं अर्ज करायचा, कापडाच्या दुकानाचं बिल दाखवायचं, तारखा घ्यायच्या. बिल होतं तिच्याकडे. तारखांना वेळ नव्हता. पद्मक्कानं एकच अट घातली. गणपतनं स्वतः यायचं, चीटीच्या दिवशी, सगळे जमलेले असताना, आणि तोंडानं सांगायचं.

घरी येऊन मी सांगितलं. नवरा म्हणाला, "ते जमणार नाही. बाकी काहीही सांगा."

सासूबाईंनी हातातल्या पाटल्या काढून पुढं ठेवल्या. "या घेऊन जा. पण तू जा. लोकांचं कापड गेलं तर मला या घरात पाणी गिळवणार नाही." त्यांच्या तोंडचा तोरा त्या एका दिवसात कुठं गेला होता कोण जाणे.

तो गेला. मी मागून गेले, कारण मधल्या वळणावरून तो परत फिरेल अशी मला खात्री होती. ओसरीवर सगळे बसले होते. एक जण म्हणाला, "काय गणपतण्णा, आज मागच्या रस्त्याला वाट चुकलास?" सगळे हसले. नवऱ्याचे कान लाल झाले. त्यानं पाटल्या पैशांच्या परातीत ठेवल्या आणि म्हणाला, "मी देणं लागतो. एकदम नाही जमणार. महिन्याला देईन."

टोमणा मारणारा तोच माणूस म्हणाला, "जाऊ दे अक्का, अर्ध्यावर मिटव. पुन्हा कटकट नको."

पद्मक्का नवऱ्याला म्हणाली, "तू ठरव. अर्धे देतोस? मी घेते, कोर्ट मिटेल. पण उद्या कुणी मला विचारलं, गणपतण्णानं फेडले का, तर मी मिटवले म्हणेन. फेडले म्हणणार नाही."

नवऱ्यानं पाटल्यांची परात पद्मक्काकडे सरकवली. मग म्हणाला, "सगळे देईन."

नातीला बँकेनं असंच विचारलं होतं. इतके भरा, बाकीचं सोडून देतो. तिला ते बक्षीस वाटत होतं. पण तसं केलं तर कागदावर कितीतरी वर्षं राहतं की हिनं पुरतं फेडलं नाही, आणि घरासाठी कर्ज मागायला गेली की पहिला तोच कागद उघडतात. हे तिनंच मला सांगितलं. मी फक्त विचारलं, "मग तू काय म्हणतेस?" अजून नोकरी नसती तर मी अर्ध्यावरच मिटव म्हटलं असतं, मान ताठ ठेवायला पोट मारायचं नसतं. पण तिला परत नोकरी लागली होती. लाजच तेवढी आड येत होती.

तिनं फोन सुलटा केला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता, आधी दरडावत, मग जरा माणसासारखा. महिन्याचा हप्ता ठरला. मी खुणेनं सांगितलं, लेखी माग. तिनं मागितलं. फोन ठेवल्यावर म्हणाली, "देईन मी सगळे. पण आज्जी, क्रेडिट स्कोअर गेलाय गं. तो नाही येत लगेच."

नाही येत. मला माहीत आहे.

पद्मक्कानं वकिलाला सांगितलं आणि कापडाची गाठोडी परत आली ती चुरगळून, सुतळी करकचून बांधलेली. मशीनं सरपणामागून आली, तेल घातलं, टेबल मांडलं. सुंदरम्मानं आपलं कापड तेवढं स्वतः जाऊन कोर्टातून घेतलं आणि तशीच आमच्याकडे आली. मला वाटलं, जिंकलो. तिनं कापड नवऱ्याच्या हातात दिलं आणि बाकावर बसली.

"जा तुम्ही, उद्या या," नवरा म्हणाला.

"बसते," ती म्हणाली.

बेतून झालं, पोलकी शिवून झाली. संध्याकाळी उरलेलं कापड आणि अर्धा कोट उचलून ती घरी घेऊन गेली. बाहीला सुई तशीच लोंबत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी घेऊन आली आणि परत बसली.

मग सगळ्याच गिऱ्हाईक बायका बसायला लागल्या. कापड ठेवून जाणं बंद. रागानं नव्हे. बोलायच्या, हसायच्या, संक्रांतीला एळ्ळू-बेल्ल, म्हणजे इथला तीळगूळ, दिलं तर घ्यायच्या आणि आपल्या ताटातलं द्यायच्या. फक्त कापडावरची नजर हलवायच्या नाहीत. येताना सोलायला अवरेकाय घेऊन यायच्या. बाकावर बसून सोलायच्या, टरफलं खाली, दाणे पदरात. दिवसभर मशीनचा आवाज, शेंगांचा तेलकट वास आणि पाठीत डोळे. नवऱ्याला पाठ फिरवून कापताही येईना. संध्याकाळी टरफलं मी झाडायची. नवऱ्यानं पावतीपुस्तक छापून आणलं, प्रत्येकीला पावती फाडून दिली. त्यांनी पावती घेतली आणि कापडही परत नेलं.

दोन्ही चीट्यांचे हप्ते फिटायला वर्षं लागली. नवऱ्यानं एकही चुकवला नाही. रात्रंदिवस शिवलं असं मी म्हणणार नाही, पण खाकीच्या ताग्यांच्या पिशव्या शिवून विकल्या, आणि मी काज-बटणं करायला शिकले. शेवटचा हप्ता दिला तेव्हा पद्मक्कानं कोर्टात तशी नोंद करून आणली आणि ज्यानं विचारलं त्याला सांगितलं, "फेडले." तिनं आपला शब्द पाळला. तरी बाक भरलेलाच राहिला. पैसे फिटले म्हणून बाक रिकामा होत नाही, हे आम्हाला माहीत नव्हतं.

फेडून झाल्यानंतरची अवरेकाय आली. एक दिवस समोरच्या ओळीतली मंजुळा आली. तिला सगळं माहीत होतं, जटका गेला तेव्हा ती दारात उभी होती. तिनं पिशवीतून परकराचं कापड काढलं, टेबलावर टाकलं, माप तेच आहे म्हणाली आणि वळली.

मला वाटलं, विसरली. मी हाक मारली, "मंजुळाक्का, बस की. दोन तासांत होईल."

"बसून काय करू? घरी कामं पडलीत," ती पायरी उतरत म्हणाली. "उद्या-परवा नेईन."

नवऱ्यानं कात्री खाली ठेवली आणि तो तिच्या पाठीकडे बघत राहिला. ती रस्ता ओलांडून घरात गेली तरी बघतच होता.

"बघताय काय," मी म्हटलं, "कापायला घ्या."